उरलेला अर्धा सूर्य

चैत्र लागला की कुमुदताईच्या मागच्या अंगणातल्या कूलरमधून गाणं ऐकू येई. वर्षभर धूळ खाऊन पडलेल्या त्या पत्र्याच्या पेटीत भाऊजी कमरेपर्यंत वाकत, मागच्या उन्हाळ्याचं काळं पडलेलं गवत उपसून काढत, नवं पिवळं गवत जाळीत दाबून बसवत, आणि हातांना काम लागलं की त्यांच्या गळ्याला आपोआप सूर लागे. पत्र्याच्या त्या पोकळीत तो सूर असा घुमे, की स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला वाटावं, जमिनीखालून कुणीतरी सावकाश, समजुतीनं बोलतं आहे. बाहेर पळसाचा बहर ओसरलेला असे, कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा आलेला असे, आणि सकाळचं ऊन दुपारचा आव आणून अंगणात पाय रोवून उभं असे. 'थांब ना उन्हा, अजून अंगणात कापूस वाळतो आहे,' असं भाऊजी त्याला म्हणत. वर्ध्याच्या उन्हाला थांब म्हणणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात हा एकच असावा. आम्ही बाकीचे सगळे त्याला जा म्हणून विनवत असतो.

भाऊजी म्हणजे मधुकरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. उंच, किंचित पोक आलेले, आणि उठण्याबसण्यापासून चष्मा पुसण्यापर्यंत प्रत्येक हालचालीला एक संथ लय. त्यांची स्कूटर रस्त्याने निघाली की सायकलवाले तिला मागे टाकून जात. त्यांनी उचललेला चहाचा कप ओठांपर्यंत पोचेस्तोवर चहा निवतो, असं मी चिडवायची, तेव्हा ते म्हणत, "घाई कायची आहे बेबी? ऊन कुठी पयून जात नाई." बेबी म्हणजे मी. पन्नाशी केव्हाच उलटली, कॉलेजातल्या मुलांना मराठी शिकवता शिकवता केस पांढरे झाले, तरी त्या घरात मी बेबीच आहे. बोलतानाही शब्दाचा शेवटचा स्वर सोडून द्यायला भाऊजींचं मन होत नसे. निरोप देतानाचं त्यांचं 'येजो' दारापासून फाटकापर्यंत आपल्याबरोबर चालत येई.

ही संथ लय काही त्यांच्या रक्तातली नव्हती. ताई सांगे, की लग्नाच्या वेळी ते चारचौघांसारखेच लगबगीचे होते. त्यांच्या अंगात ती लय एका कॅसेटमधून आली.

'फुफाटा' हा नागपूरच्या चार पोरांचा रॉक बँड. कॉलेज संपता संपता त्यांनी गिटारी घेतल्या, ड्रम भाड्याने आणला आणि मराठीत अशी गाणी केली, की ज्यांत ना गजरा होता, ना चांदणं. होती ती तापलेली डांबरी सडक, बंद पडलेली गिरणी, पाण्याचा टँकर आणि परीक्षेचा निकाल. त्यांनी पदरमोड करून एकच कॅसेट काढली, मोजक्या प्रतींची. त्यांतली एक वर्ध्याला पुरुषोत्तमभाऊंच्या दुकानात येऊन पोचली. पुरुषोत्तमभाऊ तेव्हा कॅसेट भरून देत. कोरी कॅसेट त्यांच्याकडे नेऊन टाकली, की चारदोन दिवसांत ती गाण्यांनी भरून परत मिळे. त्या एका प्रतीवरून त्यांनी साऱ्या गावाला 'फुफाटा' भरून दिला, आणि मग एके दिवशी मूळ कॅसेटची फीत मशीनमध्ये अडकून तिचा चोथा झाला. बँडही त्याच सुमारास फुटला. नागपूरला त्यांचा शेवटचा कार्यक्रम व्हायचा होता, भाऊजी एसटीने गेलेही होते; कार्यक्रम रद्द झाला आणि ते संत्र्यांची पिशवी घेऊन परत आले. थोडक्यात, आमच्यापैकी एकानेही 'फुफाटा'ला समोर गाताना पाहिलेलं नव्हतं. आम्हाला ठाऊक होती ती पुरुषोत्तमभाऊंनी भरलेली कॅसेट.

तिच्यावरचं शेवटचं गाणं 'थांब ना उन्हा'. गायकाचं नाव रणजित. आवाज खोल, गार आणि जड, उन्हाळ्यातल्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखा. शब्द एकेक पाऊल जपून टाकत येत. 'थांब ना' हे दोन शब्द ऐकताना वाटे, कुणीतरी जाणाऱ्या माणसाला हात न लावता थांबवू पाहतो आहे, आणि तो थांबणार नाही हे त्याला ठाऊक आहे. गाण्याच्या अगदी शेवटी, सगळी वाद्यं विझल्यावर, एक हुंदका होता. एकच, दबलेला, गळ्यातून निसटलेला. त्या हुंदक्याने वर्ध्याला वेड लावलं. रणजितला काय झालं असेल यावर पानठेल्यापाशी तासन्‌तास चर्चा चाले. कुणी म्हणे त्याची आई गेली असेल, कुणी म्हणे प्रेयसीचं लग्न ठरलं असेल. गाणारा माणूस गाता गाता कोसळतो आणि तेवढंही लपवत नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटली होती.

भाऊजींनी ते गाणं असं उचललं, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला रणजित कोणता आणि मधुकर कोणता हे सांगता येऊ नये. गाताना ते डावा डोळा बारीक करत, उन्हाकडे पाहावं तसा. मांडवाच्या सावलीत, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडातही तो डोळा आपोआप बारीक होई, आणि मग आम्हालाही समोर कुठेतरी मावळतीचं ऊन आहे असं वाटू लागे. शेवटचा हुंदकाही ते जसाच्या तसा देत. हळूहळू ते गाणं मुलींच्या पाठवणीचं झालं. साहेब निवृत्त झाले, बाईंची बदली झाली, कुणाचा मुलगा दूरदेशी निघाला, की गर्दीतून कुणीतरी म्हणेच, "मधूभाऊ, ते होऊन जाऊ द्या जी." इतर गावांत रॉक बँडच्या गाण्यावर माणसं नाचत असतील, आमच्याकडे बायका पदराने डोळे पुसत. यात काही वावगं आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही.

कौतुकाच्या बाबतीत ताईचा हात पहिल्यापासून आखडता. भाजी चांगली झाली तर ती 'चालते' म्हणते, आणि फारच चांगली झाली तर काहीच म्हणत नाही. भाऊजींसाठी तिच्यापाशी एकच शाबासकी होती, आणि ती मात्र ती दर वेळी न चुकता देई. गाणं संपलं, की ती म्हणे, "अगदी रणजितसारखं झालं जी." ते ऐकून भाऊजी मान खाली घालून हसत. त्यांचे कान लाल होत. याहून मोठा मान त्यांना नको होता, आणि आपल्या गळ्यात आपलं स्वतःचं असं काही असेल हा विचार त्यांना कधी शिवलाच नाही. घरोघर फोन आले, फोनला कॅमेरे आले, माझी मुलगी दर वर्षी हौसेनं त्यांचं गाणं भरून घ्यायला सरसावे. ते गाणं थांबवून, हात पुढे करून कॅमेऱ्याचा डोळाच झाकत. "मूळ गानं जगात असताना नकलेची नक्कल कायले करतं, पोरी?" असे कितीतरी व्हिडिओ आमच्यापाशी आहेत. त्यांत भाऊजींचा तळहात आहे, बोटांच्या फटीतून दिसणारं हसू आहे, आणि गाणं नाही.

दर चैत्रात एका रविवारी ताईच्या गच्चीवर 'फुफाटा'ची माणसं जमत. हिंगणीहून किराणा दुकानवाले धनराजभाऊ येत, आंजीच्या शाळेतल्या सुनंदाबाई येत. पुरुषोत्तमभाऊ तर गावातलेच, आता कॅसेटऐवजी मोबाइलची कव्हरं विकणारे. आणखी दोघंचौघं असत. तर्रीचा तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांच्या बशा फिरत, जुनी गाणी निघत, पण खरी वाट असे ती मावळतीची. सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याएवढा खाली आला, की भाऊजी उठून गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात उभे राहत आणि 'थांब ना उन्हा' सुरू करत. इतक्या वर्षांच्या सवयीने ते गाणं आणि ती मावळती एकाच मापाची झाली होती. इकडे शेवटचा हुंदका यायचा आणि तिकडे शेवटची लाल कड झाडांच्या रांगेआड जायची. उतरत्या अंधारात बशा गोळा होत आणि जो तो आपापल्या गावी जायला निघे.

मागच्या पौषात भाऊजी गेले. सकाळी छातीत कळ आली, सावंगीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली; पण इतक्या संथ माणसाने जायला मात्र एक दिवसही लावला नाही. तेरवीला अंगणात माणसं मावेनात. जेवणं आटोपल्यावर मला जाणवलं, की सगळ्यांच्या ओठांवर एकच वाक्य येऊन थांबलं आहे. असा प्रसंग म्हटला की आम्ही ज्यांना गायला सांगत होतो, त्यांचाच हा प्रसंग होता. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली, मग उठली आणि चपला घालून निघून गेली.

ताईला भाऊजींचा चेहरा हवा झाला तर फोटो होते, त्यांचा वास हवा झाला तर कपाटातला स्वेटर होता. गाणारा आवाज मात्र कुठेच नव्हता. कितीही आठवला तरी तो दिवसागणिक पुसट होत चाललाय, असं ती मला सांगे, आणि सांगताना घाबरलेली असे. आमच्यापैकीच कुणीतरी पूर्वी ते गाणं पुरुषोत्तमभाऊंच्या कॅसेटवरून इंटरनेटवर चढवलं होतं. पण त्यात फितीची खरखर एवढी, की आवाज पुढे येतच नसे. त्या गाण्याखाली परगावच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'गाणं एवढं स्लो कशाला केलं?' भाऊजींना ते फार लागलं होतं. "आजकालच्या पोट्ट्याइले उसंतच नाई," म्हणाले होते. आम्हीही माना डोलावल्या होत्या.

आणि या चैत्रात बातमी आली, की 'फुफाटा' परत एकत्र आला आहे. साठीला टेकलेल्या त्या चौघांनी नवा अल्बम काढला होता, 'उतरतं ऊन' नावाचा. गाणी सगळी नवी, फक्त शेवटी 'थांब ना उन्हा'. आणि तेही पुन्हा गायलेलं नव्हे. स्टुडिओत पडून राहिलेली मूळ फीत सापडली, तिची खरखर काढून टाकून गाणं जसंच्या तसं दिलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ताईने तो मजकूर माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

"म्हंजे बेबी, खरखर नाई ना राह्यनार?"

"नाही."

"मंग याइचाच आवाज ऐकल्यावानी होईल."

'याइचा' म्हणजे भाऊजींचा. ताईला रणजितशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या गळ्यातून तिला आपल्या माणसाचा आवाज घरात परत आणायचा होता, एकदा, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. एकट्याने कुणी ऐकायचं नाही, रविवारी गच्चीवर सगळ्यांनी मिळून ऐकायचं, असं ठरलं, आणि त्या आठवड्यात मी तिला पौषानंतर पहिल्यांदाच केसांना तेल लावून, आरशासमोर बसून वेणी घालताना पाहिलं.

रविवारी सगळे आले. पोहे झाले, तर्री झाली, पश्चिमेचा कोपरा न सांगताच मोकळा राहिला. पुरुषोत्तमभाऊंनी आपल्या दुकानातला स्पीकर आणला होता आणि फोनही त्यांच्याच हाती होता. नवी गाणी चांगली होती, पण रणजितचा आवाज आम्हाला परका वाटला. वरच्या पट्टीतला, चपळ, थोडा खरबरीत. "म्हातारपनी आवाज बारीक होते," असं धनराजभाऊ समजुतीनं म्हणाले आणि आम्ही ते मानलं. सुनंदाबाई टाकीच्या कठड्याकडे पाहत होत्या. सूर्य तिथवर उतरला तशा त्या हळूच म्हणाल्या, "लावा जी."

पहिला ठोका पडला आणि मी दचकले. ड्रम धावत होता. गिटार त्याच्यामागे उड्या मारत येत होती. आणि त्या दंग्यातून एक कोवळा, उंच, उर्मट आवाज आला, कॉलेजातल्या पोराचा, आणि तो उन्हाला थांब म्हणाला. ती विनवणी नव्हती. भर दुपारी बोडक्या डोक्याने मोटारसायकल हाणणाऱ्या पोराने सूर्याची उडवलेली ती टर होती: थांब की जरा, बघू आधी कोण दमतं ते. अंगणातल्या कापसाची ओळ तर त्याने चक्क डोळा मारून म्हटली होती. शब्द तेच होते, चाल तीच होती, एकही सूर इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि तरी त्या गाण्यात ओळखीचं कुणीही नव्हतं. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत भलत्याच माणसांचा संसार चाललेला दिसावा, तसं मला झालं.

मी ताईकडे पाहिलं. तिने दोन्ही हात मांडीवर ओंजळीसारखे धरले होते, काहीतरी घ्यायला पुढे केलेले. ते तसेच राहिले. गाणं भराभरा संपत आलं. वाद्यं थांबली, आणि ज्या जागेपाशी आम्ही अर्धं आयुष्य श्वास रोखत आलो त्या जागी रणजित हसला. मोकळा, खळाळून, शेजारच्या मित्राची काहीतरी फजिती झाल्यावर पोरं हसतात तसा हसला. आम्ही ज्याला हुंदका म्हणत होतो, ते खरखरीत बुडालेलं हे हसू होतं.

समोर अर्धा सूर्य अजून शिल्लक होता. झाडांच्या रांगेवर तो तांबडा, टवटवीत, तसाच टेकलेला, आणि इकडे गाणं संपलेलं. असं कधी झालं नव्हतं. त्या उरलेल्या अर्ध्या सूर्याचं काय करायचं, ते कुणाला कळेना. आम्ही नुसते बघत बसलो आणि तो आमच्या देखत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, गाण्यावाचून मावळला.

मग धनराजभाऊंना कंठ फुटला. "फोन तं जोरात पयून नाई राह्यला? पाय बरं पुरुषोत्तम."

पुरुषोत्तमभाऊंनी फोन उलटसुलट करून पाहिला, गाणं पुन्हा थोडं लावलं. तेच धावणं, तोच पोरगा.

"दुसऱ्या कोनी गायलं असंल," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मूळ फीत आहे म्हनते बाई. तसं लिवलंच आहे त्याइनं," धनराजभाऊ म्हणाले.

पुरुषोत्तमभाऊंनी फोन चटका बसल्यासारखा कठड्यावर ठेवून दिला. त्यांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, "मशीन माही होती."

"कोनती मशीन?"

"कॅसेट भराची. ते कोरी फीत जास्तच जोरात ओढे. म्या म्हनलं, चालते. पन जोरात भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या घरी मंग सावकाश वाजते. सावकाश अन जाड." ते कुणाकडेच पाहत नव्हते. "साऱ्या गावाले म्याच भरून देल्ली."

"अन तुमाले कयलं नाई?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"मूळ कॅसेट म्या कधी ध्यान देऊन ऐकलीच नाई जी. ते भरत राहे, मी गिऱ्हाईक पाहो. माह्या घरीबी माहीच भरलेली वाजे."

कुणी त्यांना दोष दिला नाही. दोष द्यायला सुचण्याइतकं कुणाचं डोकं जागेवर नव्हतं. मला धक्का बसला होता, आणि तो नेमका कशाचा ते माझं मलाच सांगता येईना. एका मशीनच्या खोडीवर आम्ही मुली सासरी पाठवल्या होत्या. पोरांच्या टवाळीला प्रार्थना समजून तिच्यापुढे वर्षानुवर्षं डोळे पुसले होते. रणजितच्या नसलेल्या दुःखावर पानठेल्यापाशी जागलो होतो. ज्याने सडक तुडवत जगायला सांगितलं त्याचं ऐकून भाऊजी सायकलहूनही सावकाश स्कूटर चालवत राहिले होते. ज्या रणजितवर वर्ध्याने जीव लावला, तो रणजित कधी जन्मालाच आला नव्हता. हसावं असं हे सगळं होतं, आणि त्या गच्चीवर कुणालाही हसू आलं नाही.

ताई उठली आणि जिना उतरून गेली. मी तिच्यामागे गेले. वाटलं, ती आतल्या खोलीत रडत असेल. पण ती मागच्या अंगणात उभी होती, कूलरच्या पत्र्यावर हात ठेवून. यंदा तो कुणी उघडलाच नव्हता. मागच्या वर्षीचं, भाऊजींनी भरलेलं गवत त्यात तसंच वाळून काळं झालेलं होतं. अंगणात अजून पुसट उजेड होता आणि कडुनिंबाचा फुलोरा तिच्या खांद्यावर पडत होता.

"बेबी, मंग तो आवाज कोनाचा होता?"

"कोणता?"

"जो हे काढत. रणजितचा तं नोहे."

मी तिला फीत, मशीन, वेग असं काहीबाही समजावू लागले. तिने मला मध्येच थांबवलं. "मशीनले गळा राह्यते का? तसं गानारा जिवंत मानूस कोन होता, ते सांग मले."

मी विचार केला. नागपुरात तसं कुणी गायलं नव्हतं, मुंबईत गायलं नव्हतं, खुद्द रणजितच्या गळ्यातून तो आवाज कधी निघाला नव्हता, आणि त्याला सांगितलं असतं तरी काढता आला नसता. फितीवर जो आवाज होता तो कुणाचाच नव्हता. ज्या एकाच माणसाच्या गळ्यात तो प्रत्यक्ष उतरला, रक्तामांसाचा झाला, श्वास घेऊन गायला, तो माणूस या अंगणात वाकून गवत भरत असे.

"भाऊजी," मी म्हणाले.

ताईने मान हलवली, जशी काही ती हे गच्चीवरूनच ठरवून आली होती. "अन म्या जलमभर त्याइले का म्हनलं? रणजितसारखं झालं. दर खेपेले तेच. हे आपले मान खाली घालून हासत." तिचा आवाज रडका नव्हता, चकित होता, आणि चिडलेला होता. "याच्याहून मोठी शाबासकी मले येतच नोती, बेबी. आता कोनाले सांगू?"

साऱ्या आयुष्यात या माणसाला एकदाही कळलं नाही, की आपण नक्कल नाही. आणि ज्या संध्याकाळी ते आम्हाला कळलं, त्या संध्याकाळी ऐकायला ते नव्हते.

ताईने पदर खोचला आणि कूलरची जाळी ओढून काढली. मुठीमुठीने ती ते जुनं गवत उपसू लागली. धूळ उडाली, तिला ठसका लागला, तरी थांबली नाही. मग तळाचं गवत काढायला ती कमरेपर्यंत त्या पत्र्याच्या पेटीत वाकली, अगदी भाऊजी वाकत तशी, आणि क्षणभर तिचे हात थांबले. आतून तिचा आवाज घुमत बाहेर आला, खोल आणि सावकाश.

"रणजितले तुमच्यासारखं नाई जमत जी."

ती तशीच वाकून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

तेवढ्यात वरून, गच्चीवरून, कुणीतरी गायला लागलं. पुरुषोत्तमभाऊ असावेत, त्यांचा गळा गाण्याचा नाही आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. मग धनराजभाऊ मिळाले, सुनंदाबाई मिळाल्या. एकेक पाऊल जपून टाकत 'थांब ना उन्हा' जिन्यावरून खाली उतरू लागलं, गार, जड, संथ. त्यात रणजित कुठेच नव्हता. प्रत्येकाच्या गळ्यात शब्द सोडताना लांबवलेला भाऊजींचा स्वर थोडा थोडा होता, आणि मला खात्री आहे, की वर अंधारात उभ्या असलेल्या त्या सगळ्यांचा डावा डोळा बारीक झाला असेल. ताई पेटीतून बाहेर आली. केसांना गवताच्या काड्या लागलेल्या, हात काळे. ती मान वर करून ऐकत राहिली. गाणं संपलं, आणि शेवटी वरून जो हुंदका आला तो कुणी मुद्दाम दिलेला नव्हता.

तोवर सूर्य मावळून बराच वेळ झाला होता, आणि ज्याला थांब म्हणायचं तो तर पौषातच निघून गेला होता. काळ आपल्या ठरल्या वेगाने माणसाला घेऊन जातो. त्याचा आवाज मात्र मागे रेंगाळतो, थोडा सावकाश, थोडा उशिरा, आणि तो उशीर झाल्यावरच आपल्याला कळतं, की इतकी वर्षं आपण कुणाला ऐकत होतो.